दोर सोडायला जागा हवी

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'आपली बंदरं आणि कायमचे बोये'. त्याच्याकडे मी येणारच आहे, त्यासाठीच तर आलोय. पण बोया, म्हणजे बोट बांधायला तळाशी कायम जखडलेला तरंगता गोळा, का हवा हे पटायला आधी नांगर कळायला हवा, आणि नांगर खरा कळतो तो वादळात. इथे बसलेल्या निम्म्या मंडळींच्या घरी कधी ना कधी होडी होती. त्यामुळे मतलई वारा कुठला आणि उधाण कधी, हे सांगत बसत नाही.

माझं पहिलं म्हणणं असं, की नांगर वजनावर धरत नाही. दुकानात गेलं की आपण विचारतो, 'भारी नांगर आहे का?' तीस फुटी बोटीवर चाळीस नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे पंचाहत्तर किलोमीटरचा वारा आला तर नांगरावर सहाशे किलोच्या आसपास ओढ येऊ शकते. पंधरा-वीस किलोचं लोखंड ती ओढ नुसत्या वजनावर कशी पेलणार? नांगर धरतो तो चिखलात रुतून, आणि रुतून राहतो तो ओढ आडवी असेपर्यंत. दोर आखूड असला की बोट नांगराला वर उचलते आणि त्याची नखं सुटतात. दोर लांब असला की तीच ओढ त्याला आणखी खोल घालते. आणि वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वीस नॉटमध्ये छान उभी असलेली बोट चाळीसमध्ये का सरकली, याचं उत्तर तिथेच आहे.

आता विजयदुर्गची ती संध्याकाळ सांगतो. ऑक्टोबर संपत आलेला. किल्ल्याच्या पूर्वेला, बंदरात आमची बोट नांगरलेली. बोटीवर आमच्या वाडीतले आबा, जन्मभर तांडेलकी, म्हणजे बोटीची कप्तानी केलेले, मी आणि एक पोरगा. वारा पूर्ण पडलेला, अंगाला घाम. मी आणि पोरगा समुद्राकडे बघतोय, कारण वादळ म्हणजे पश्चिमेकडून असंच डोक्यात बसलेलं असतं. आबा घाटाकडे तोंड करून बसले होते. "वारो दर्यात बघू नको, डोंगरात बघ," म्हणाले. सह्याद्रीवर काळा ढग चढला होता, त्याचा माथा सपाट पसरलेला. परतीच्या पावसात हे असंच असतं. दर्या शांत, आणि वादळ घाटावरून खाली उतरतं. वारा सुटतो तो जमिनीकडून, म्हणजे बोट ढकलली जाणार समुद्राकडे. आमच्या पाठीशी काय होतं? किल्ल्याच्या पायथ्याचे खडक.

आबांनी पहिल्यांदा ताडपत्री उतरवायला लावली. ताडपत्री, वाळत घातलेले कपडे, रिकामी पिंपं, वारा धरणारं जे जे होतं ते खाली. मग मला नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला पाठवलं, दोर सोडायला. मी पाच-सहा वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) सोडला आणि थांबलो. मागून आवाज आला, "दोर घराक न्हेवन खातलंस काय? सोड!" (हशा) हसताय, पण तुमच्याही बोटीवर चांगला दोर जपून ठेवलेला असतो, मला माहीत आहे.

हिशेब सोपा आहे. ओहोटीला पाणी चार मीटर धरा, भरतीचं आणखी दोन मीटर आणि पाण्यापासून नाळेची उंची एक मीटर. झाले सात. रोजच्या वाऱ्यात याच्या पाचपट, म्हणजे पस्तीस मीटर दोर. वादळात किमान सातपट, एकोणपन्नास मीटर. वावांत सांगायचं तर सत्तावीस. आमच्या बोटीवर तेवढा दोर होता, म्हणून सोडता आला.

जिथे दोर बोटीच्या काठावरून खाली जातो तिथे आबांनी जुनं गोणपाट चार पदरी करून गुंडाळलं आणि सुतळीनं आवळलं. वादळात दोर ताणानं तुटतो त्याहून जास्त वेळा एकाच जागी घासून तुटतो. इंजिन सुरू केलं, पण गिअर टाकला नाही. आणि पोराला काम दिलं, की जेटीवरचा दिवा आणि त्याच्या बरोबर मागे वरच्या वाडीतला बल्ब, दोन्ही एका रेषेत ठेवून बघत बस. रेष मोडली की ओरड.

वादळ आलं आणि पहिली गेली ती वीज. दोन्ही दिवे गेले. पाऊस आडवा, नाळेवरून सुकाणू दिसेना. त्यात ओहोट लागलेली, म्हणजे वारा आणि पाणी दोघंही एकाच दिशेला ओढणारे. आबा नाळेवर पालथे पडले आणि त्यांनी तळहात दोरावर ठेवला. नुसता ठेवला, धरला नाही. थोड्या वेळानं माझा हात ओढून तिथे लावला. दोर ताठ व्हायचा, मग हळू सैल पडायचा, परत ताठ. "हो धरलो हा," म्हणाले, म्हणजे नांगर धरलाय. नांगर सरकत असला तर दोरातून बारीक थरथर येते, खाली कोणी लोखंड दगडावरून फरफटतंय अशी, मध्येच धक्का. ती थरथर आली नाही. मोठा झोत आला की ते हात वर करायचे, मी इंजिन अगदी सावकाश पुढे द्यायचो. बोट पुढे न्यायची नव्हतीच, दोरावरचा भार हलका करायचा होता.

दोराचं निघालंच आहे तर एक सांगून टाकतो. आपल्याकडे स्वस्त म्हणून जो पॉलिप्रॉपिलीनचा दोर वापरतात तो पाण्यावर तरंगतो, उन्हानं कुजतो आणि नायलॉनइतका ताणत नाही. नायलॉन ताणून धक्का गिळतो. नांगराशी काही मीटर साखळी आणि पुढे नायलॉन, एवढा खर्च कराच. जाळ्याला लाखो घालतो आपण!

तर त्या काळोखात डावीकडून एक ट्रॉलर आमच्या अंगावर आला. नांगरासकट सरकत. हातभर अंतरावरून गेला, त्याच्या खलाशांचे चेहरे विजेत दिसले. पुढे त्यांनी इंजिन जोरात देऊन बोट आत खाडीत नेली, वाचले. पाऊण तासात सगळं निवळलं. सकाळी त्यांचा तांडेल भेटला. तो अनाडी नव्हता. त्याच्याकडे दोर होता, पण मागे दुसरी बोट इतकी जवळ नांगरलेली, की दोर सोडला असता तर तिच्यावरच गेला असता. तो दोर जवळ असून सोडू शकला नाही. तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही.

गर्दी हा आपल्या बंदरांचा जुना रोग आहे. विजयदुर्गच्या याच वाघोटण खाडीत फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार एकमेकांना खेटून बांधलेलं उभं होतं. एका जहाजाला आग लागली आणि जवळपास सगळं आरमार जळालं. तिथे आग होती, इथे वारा, पण एकाचं संकट शेजाऱ्याच्या गळ्यात पडतं ते तसंच. त्यावर तासभर बोलता येईल, पण...

पाच मिनिटं? बरं. मग मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

एकोणपन्नास मीटर दोरावर दहा मीटरची बोट वाऱ्याबरोबर गोल फिरते तेव्हा तिला सुमारे अडीच एकर पाणी लागतं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ बोटी, ९५२ मच्छीमार, देवगडला आसऱ्याला आले. देवगडनं त्यांना जागा दिली, याचा आपल्याला अभिमान हवाच. पण ६८ गुणिले अडीच करा, एकशे सत्तर एकर होतात. तेवढं सुरक्षित आणि खोल पाणी आपल्या कुठल्या बंदरात मोकळं आहे? म्हणून सगळे दोर आखूड ठेवतात आणि एक सुटला की चार सुटतात.

बोया हा यावरचा उपाय. तळाशी काँक्रीटचा जड ठोकळा किंवा जमिनीत पिळून बसवलेला स्क्रू, त्याला जाड साखळी, वर बोया. ठोकळा किंवा स्क्रू कायम तिथेच, नांगरासारखा आडव्या ओढीवर अवलंबून नाही, त्यामुळे लांब दोराची गरज नाही. पंधरा-वीस मीटरमध्ये भागतं आणि तीच बोट अर्ध्या-पाऊण एकरात फिरते. त्याच पाण्यात चौपट बोटी. बोये ओळीनं, मापानं लावायचे, प्रत्येकावर किती टनांची बोट चालेल ते रंगवायचं, आणि आसऱ्याला येणाऱ्या परक्या बोटींसाठी काही राखून ठेवायचे. साखळी दरवर्षी पावसाळा संपला की पाणबुड्यानं तपासायची. हे झालं नाही तर बोया नसलेलाच बरा, कारण झिजलेल्या साखळीवर माणूस निर्धास्त झोपतो. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा तराफा नांगर सुटून भरकटला. त्यावर २६१ माणसं होती, वाचली १८६. मोठ्यांचं हे होतं, तर आपल्या तीस फुटीचं काय.

खर्च कोणाचा? ठोकळा आणि साखळी बंदर खात्याची, देखभाल मच्छीमार सोसायट्यांची, आणि बोया वापरणाऱ्यानं वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची. ठरावाचा मसुदा मी लिहून आणलाय. बाहेर टेबलावर देवगड, विजयदुर्ग आणि जयगडचे मोठे नकाशे पसरलेत, शेजारी पेन्सिली आहेत. बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे वादळी हवेच्या इशाऱ्याचा बावटा लागला की तुमची बोट कुठे उभी करता, तिथे खूण करा आणि बाजूला किती वाव दोर सोडता येतो तो आकडा लिहा. चहा नंतर घ्या, आधी नकाशा.