मधली धूसर पट्टी

(चित्रपट रसास्वाद शिबिरातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘स्प्लिट डायऑप्टर : तंत्र आणि अर्थ’. तंत्र पाच मिनिटांत उरकतो, उरलेला सगळा वेळ अर्थाला, असं घरून ठरवून निघालोय. तुम्ही इतके दिवस अंधारात बसून सिनेमे बघताय, तेव्हा डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे चौकटीत कुठून कुठपर्यंतचं स्पष्ट दिसतं ते प्रकरण, मी समजावत बसणार नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी शेजाऱ्याला हळूच विचारावं. शेजाऱ्यालाही ठाऊक नसेल तर दोघांनी मान डोलवावी. पुण्यात तेवढं चालतं.

तर ही वस्तू. बघा, गोल कडं आहे, पण भिंग त्यात अर्धंच. उरलेल्या अर्ध्यात काहीच नाही, हवा. हे लेन्सच्या पुढे लावायचं. भिंगाच्या बाजूला जवळचं स्पष्ट, मोकळ्या बाजूला लांबचं स्पष्ट. तुमच्यातल्या चाळिशीवाल्यांना हे लगेच कळेल, कारण तुमच्या चष्म्याच्या खालच्या तुकड्यात वाचायचा नंबर असतोच. फरक एवढाच, की तुमची नजर एका वेळी एकाच तुकड्यातून जाते. कॅमेऱ्याला दोन्हींतून एकदम बघावं लागतं. आणि जिथे भिंग संपतं तिथे, चौकटीच्या मध्यावर, एक धूसर पट्टी उमटते. मला आज बोलायचंय ते या पट्टीबद्दल.

गणित शाळेतलं आहे. डायऑप्टर म्हणजे एक भागिले मीटर. लेन्स अनंतावर, म्हणजे अगदी लांबचं स्पष्ट दिसेल अशी लावली आणि भिंग प्लस एकचं असलं, तर जवळची वस्तू १ मीटरवर स्पष्ट. प्लस दोन, तर ५० सेंटिमीटरवर. मागचा नट ४ मीटरवर असेल आणि लेन्स त्याच्यावर लावलीत, भिंग प्लस एकचंच, तर एक भागिले चार म्हणजे पाव, अधिक एक, सव्वा. एकाला सव्वानं भागा, ८० सेंटिमीटर. पुढची बाई बरोबर तिथे बसवायची. टेप लावून. तिनं संवादाच्या भरात पुढे झुकायचं नाही.

बाई म्हटल्यावर ती गोष्ट आलीच. आमचे संयोजक तिकडे कपाळाला हात लावताहेत, त्यांनी ती ऐकलेली आहे.

आम्ही एक टेलिफिल्म करत होतो, साताऱ्याकडच्या एका जुन्या वाड्यात. प्रसंग असा की आई माजघरात सूप घेऊन तांदूळ निवडतेय. तिच्या मागे, ओसरीवर, मुलगा वाडा विकायच्या कागदांवर सह्या करतोय. त्याला वाटतंय आईला पत्ता नाही. आईला सगळं ऐकू येतंय. संवाद शून्य. मी म्हटलं, हा शॉट स्प्लिटचा. एका बाजूला आईचा चेहरा, दुसऱ्या बाजूला लांब मुलगा, दोघंही लख्ख. आणि मधे वाड्याचा सागवानी खांब. पट्टी त्या खांबावर पाडायची, म्हणजे कुणाला कळणार नाही. भिंग मुंबईहून भाड्यानं आणलं. निर्मात्यानं विचारलं, ‘अर्ध्या काचेचं भाडं अर्धं का नाही?’ याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आईचं काम करायला रंगभूमीवरच्या एक ज्येष्ठ बाई होत्या. मी त्यांना सांगितलं, बाई, हात खांबाच्या रेषेपलीकडे न्यायचा नाही, तिथे तो विरघळेल. त्या म्हणाल्या, ‘विरघळेल म्हणजे? दाखव.’ व्ह्यूफाइंडरला डोळा लावून त्या बऱ्याच वेळ बघत राहिल्या. लाइटवाले ताटकळले, जनरेटर डिझेल पीत होता. मग म्हणाल्या, ‘अरे, मुलगा इतका स्वच्छ दिसतोय आणि मला त्याच्याकडे हात नेता येत नाही. मग अभिनय वेगळा काय करू?’

मंडळी, कॅमेऱ्यावरची जी पुस्तकं मी वाचली, त्यांत एकाही ठिकाणी हे लिहिलेलं नव्हतं. टेकमध्ये त्यांनी तांदळातला खडा उचलला, हात खांबाच्या दिशेनं नेला, रेषेच्या अलीकडे थांबवला आणि खडा तिथेच खाली ठेवला. मी कट म्हणायला विसरलो.

पुढे काय झालं? वाहिनीच्या तपासणीतून चिठ्ठी आली : ‘चौकटीच्या मध्यभागी चित्र अस्पष्ट. शॉट बदलावा.’ शॉट बदलला. आईचा क्लोजअप, मुलाचा क्लोजअप, पुन्हा आई, पुन्हा मुलगा, आणि खाली बासरी. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष! मालिकांमध्ये दार उघडलं की एकाच चेहऱ्यावर तीनदा झूम मारतात, तेही या तपासणीतून सुखरूप जातं. पट्टी तेवढी जात नाही. आणि आता तर तुमच्या फोनमध्ये मागचं सगळं लोणी करून टाकणारा मोड आलाय. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या एका कानापासून पुढचं सगळं धूसर असतं. मागे उभा असलेला तिचा बाप कुठे आहे ते दिसत नाही, आणि त्याला सुंदर फोटो म्हणतात. असो. माझं ब्लडप्रेशर हा आजचा विषय नाही.

हं, ही चिठ्ठी संयोजकांची. ‘सात मिनिटे. चहा आला आहे.’ म्हणजे मुख्य मुद्दा आता सात मिनिटांत.

लोक म्हणतात, स्प्लिट डायऑप्टर म्हणजे गरिबाचा डीप फोकस, जवळचं-लांबचं सगळंच एकदम स्पष्ट ठेवण्याची युक्ती. माझं म्हणणं, हे दोन वेगळे स्वभाव आहेत. खऱ्या डीप फोकसला बारीक ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक बारीक, लागतं, वाइड लेन्स लागते, भरपूर प्रकाश लागतो. एफचा आकडा मोठा तितकं भोक बारीक, म्हणून एफ २.८ वरून ११ वर जायचं तर प्रकाश १६ पट. त्यात पुढच्या माणसापासून मागच्यापर्यंतची सगळी जमीन स्पष्ट असते. तुम्ही नजरेनं ती चालत जाऊ शकता. स्प्लिटमध्ये दोन टोकं आहेत आणि मधली जमीन गायब. म्हणून डीप फोकस माणसांना एका जागेत ठेवतो आणि स्प्लिट त्यांना एका चौकटीत ठेवूनही वेगळं पाडतो.

‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) पुढे औषधाचा ग्लास, मागे अंथरुणावर केनची बायको सूझन आणि दारातून आत येणारा केन, हा शॉट पुष्कळ जण स्प्लिटचा समजतात. तो नाही. कॅमेरामन ग्रेग टोलंडनं तिथे एकाच निगेटिव्हवर दोनदा चित्रण केलंय. दिग्दर्शक ब्रायन डी पाल्माचं बघा. ‘ब्लो आउट’ (१९८१), कॅमेरा विल्मोश झिग्मंडचा. रात्री पुलावर नट ट्रॅव्होल्टा आवाज टिपतोय, लांब, छोटासा. अर्धी चौकट घुबडानं व्यापलेली. दोघंही एकाच धारेचे स्पष्ट. आपला डोळा असं कधीच बघत नाही. जवळचं बघितलं की लांबचं सुटतं. म्हणून तो शॉट अंगावर येतो, आणि कुणाला पट्टी दिसली तरी काही बिघडत नाही.

उलट टोक, ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ (१९७६), कॅमेरा गॉर्डन विलिसचा. पत्रकाराच्या भूमिकेतला रेडफर्ड फोनवर बोलतोय, मागे वृत्तपत्राच्या कचेरीतली माणसं टीव्हीभोवती जमलीत. जवळपास सहा मिनिटांचा एकच टेक आणि कॅमेरा इतक्या संथपणे जवळ सरकतो की कळतही नाही. सगळी कचेरी एकीकडे बघतेय आणि खरी बातमी या फोनमध्ये आहे. ते दोन्ही एकाच वेळी स्पष्ट हवं होतं. शेवटी रेडफर्ड समोरच्याचं नाव चुकतो, पात्र न सोडता सावरतो, आणि तो टेक तसाच ठेवला गेला.

तंत्रातलं राहिलेलं, भरभर. पट्टी खांबावर, दाराच्या चौकटीवर, पडद्याच्या घडीवर किंवा अंधारात पाडा. कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवू नका, पट्टी लगेच उघडी पडते. ॲपर्चर फार बारीक केलंत तर पट्टी अरुंद होऊन करकरीत रेघ दिसते. मोठं ठेवलंत तर ती पसरते आणि मऊ होते. नेमकं याच कारणानं फोनसमोर हे भिंग धरून उपयोग नाही. फोनच्या लेन्सचं भोक इतकं चिमुकलं, की भिंगाची कड सरळ रेघ होऊन दिसणार. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्या, ५० मिलिमीटरची लेन्स, एफ ४ च्या आसपास, भिंग प्लस एकचं. घरातली दोन माणसं बसवा, शक्यतो एकमेकांशी अबोला धरलेली. पट्टी आधी लपवून बघा, मग मुद्दाम भिंतीच्या कोऱ्या भागावर आणा आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवा.

चिठ्ठी दुसऱ्यांदा आली. काच इथे टेबलावर ठेवतोय. कड्याला धरा, मधली कापलेली कड उघडी आहे, बोटाला लागेल. आणि कृपा करून शर्टाच्या टोकानं पुसू नका.