आधी कामाची यादी, मग लिनक्स

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आत येतानाच तिघा-चौघांनी मला दारात गाठलं. मिंट की उबुंटू? फेडोरा कसं आहे? ही सगळी लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची, वेगवेगळी रूपं. दुकानात जे सांगतो तेच इथं सांगतो: नाव नंतर. आधी एक कागद घ्या आणि गेल्या महिन्याभरात तुमच्या मशिनवर काय काय केलंत ते लिहून काढा. बँक, ईमेल, यूट्यूब, पोराचा अभ्यास, जीएसटीचं रिटर्न, लग्नाच्या पत्रिकेचं डिझाइन, जे असेल ते.

त्यातलं जे ब्राउझरमध्ये चालतं त्यावर डोळे झाकून टिक करा. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही लिनक्सवर आहेत. पत्रं आणि हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस आहे. वर्डची साधी फाइल त्यात बिनबोभाट उघडते. चौकटी, बॉर्डर, रंगीत मथळे घालून सजवलेली असेल तर मांडणी थोडी सरकते. व्हिडिओ बघायचं व्हीएलसी तर तुम्ही विंडोजवरही वापरताच.

टिक न झालेलं जे उरतं, खरा निर्णय त्याच्यावर असतो. टॅली विंडोजसाठी बनवलेलं आहे, कोरलड्रॉही तसंच. आपल्याकडं फ्लेक्स आणि पत्रिकांची दुकानं गल्लोगल्ली आहेत, आणि त्यातली बहुतेक कोरलड्रॉ आणि जुन्या मराठी फॉन्टांवर उभी आहेत. त्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशिनांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात नसतो, त्यामुळं फॉन्ट नसलेल्या मशिनवर फाइल उघडली की नुसती गिचमिड दिसते. वाइन नावाची एक सोय आहे, तिच्यातून विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात. पण ज्या प्रोग्रॅमवर पोट आहे तो वाइनच्या भरवशावर टाकू नका, त्याला विंडोजच राहू दे. डिजिटल सहीचं टोकन लावून टेंडर भरत असाल तर ते चालतंय का हे आधी तपासा. आणि दूध संस्थेत फॅट मशिनला आणि काट्याला जोडलेला जो संगणक असतो, त्याला तर हातच लावू नका. पहाटे संकलनाला रांग लागलेली असताना ओपन सोर्सचं, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरचं, तत्त्वज्ञान कुणी ऐकून घेत नाही.

मग लिनक्स घ्यायचं कुणी? ज्याच्या यादीत टिकच टिक आहेत त्यानं. अशी माणसं भरपूर आहेत आणि त्यांची मशिनं सध्या अडचणीत आहेत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशिनमध्ये लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला, आजही धडधाकट असलेला लॅपटॉप सुरक्षेच्या नेहमीच्या अपडेटशिवाय राहिला. तो भंगारात घालायचं काही कारण नाही.

आता नावांकडं येऊ. लिनक्स म्हणजे काटेकोर बोलायचं तर नुसतं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलं की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहोत, ते हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्येच ग्नू नावाचा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा प्रकल्प जाहीर केला होता. त्यातली बरीचशी साधनं तयार होती, पण चालेल असं कर्नल नव्हतं. दोन्ही एकत्र आलं आणि गाडी सुरू झाली. आपल्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची. तेच इंजिन कुणी विहिरीवर पंपाला जोडलं, कुणी गुऱ्हाळाच्या चरकाला, कुणी पिठाच्या गिरणीला. कर्नलला अशी जोडणी करून, वर डेस्कटॉप आणि रोजचे प्रोग्रॅम बसवून जे तयार मिळतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ चं. त्याच्यावर २००४ मध्ये उबुंटू उभं राहिलं आणि उबुंटूवर २००६ मध्ये मिंट. म्हणजे दारात विचारलेला मिंट-उबुंटूचा वाद एकाच घरातला आहे, भावकीतला म्हणा.

माझं मत विचाराल तर नवख्यानं मिंट घ्यावं, सिनॅमन डेस्कटॉपवालं. डाव्या कोपऱ्यात खाली मेनू, उजवीकडं घड्याळ. विंडोजची सवय असलेल्या माणसाचा हात आपोआप तिथं जातो. मिंट उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बेतलेलं असतं, मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. फेडोरा चांगलंच आहे, पण त्याची एक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते, मग पुढच्या आवृत्तीवर जावं लागतं. वडिलांच्या मशिनवर ही कटकट कशाला? आर्च ही अवघड डिस्ट्रो वापरतो म्हणून कॉलर ताठ करणारी पोरं प्रत्येक कॉलेजात असतात. त्यांना करू द्या, त्यांचं वय आहे.

पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट मी ठेवतो. अडल्यावर तुम्ही फोन कुणाला करणार? शेजारच्या पोराला, भाच्याला, ऑफिसातल्या मित्राला जर उबुंटू येत असेल तर मी मिंट म्हणालो ते विसरा आणि उबुंटू टाका. पहिल्या महिन्यात डिस्ट्रोच्या गुणांपेक्षा हाकेच्या अंतरावरचा माणूस जास्त उपयोगी पडतो.

रॅमबद्दल थोडक्यात. चार जीबी असेल तर सिनॅमन चालेल, त्याखाली असेल तर मिंटचंच हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपवालं घ्या. आणि आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. हे मी माल विकायला सांगत नाही. हार्ड डिस्क तीच ठेवून डिस्ट्रो बदलत बसणाऱ्यांना जो फरक सापडत नाही तो त्या एका पार्टनं पडतो.

आता प्रत्यक्ष काम. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट भरलेली एक फाइल, उतरवा, तीन जीबीच्या आसपास असते. साइटवर तिचा चेकसम, म्हणजे फाइल पडताळायचा लांबलचक आकडा, दिलेला असतो. उतरवलेल्या फाइलचा काढून दोन्ही जुळतात का बघा. आपल्याकडचं नेट मधेच तुटतं, अर्धवट फाइल पेन ड्राइव्हवर टाकून मग 'लिनक्स बोगस आहे' म्हणणारे मी पाहिलेत. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. रूफस किंवा एचर यातला एक प्रोग्रॅम वापरून त्यावर आयएसओ लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, आणि पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

मशिन चालू करताना बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीची, की दाबायची. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू होईल आणि तुमच्या डिस्कला अजून धक्काही लागलेला नसेल. इथं घाई करू नका. वाय-फाय लावा, गाणं वाजवून बघा, ब्राइटनेस कमी-जास्त करा, कॅमेरा उघडा, झाकण मिटून परत उघडा. प्रिंटर जोडून एक पान छापा. प्रिंटरवर मी मुद्दाम जोर देतो. काही प्रिंटर वायर लावताक्षणी चालतात, तर काही स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सवर घाम काढतात. इन्स्टॉल केल्यावर हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

बॅकअपबद्दल कोल्हापूरकरांना मी काय सांगणार? २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला दुकानांत पाणी शिरलं, तेव्हा यंत्र गेल्याचं दुःख थोडं होतं. आतले फोटो आणि हिशेब गेल्याचं जास्त. फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या, ती डिस्क मशिनपासून काढून ठेवा, आणि दुसऱ्या एका संगणकावर उघडून बघा. उघडून बघितल्याशिवाय तो बॅकअप धरू नका.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर बायोसला, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगला, हात लावण्याआधी विंडोजचं बिटलॉकर हे कुलूप बघा. बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की ड्राइव्हला कुलूप आपोआप लागलेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती त्या खात्यात साठवलेली असते. आधीच कागदावर उतरवून घ्या. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, आणि विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा कप्पा, विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा. तरीही माझा सल्ला असा की पहिला प्रयोग जुन्या, रिकाम्या मशिनवर करा. दोन्ही ठेवलं की जरा काही अडलं की माणूस विंडोजमध्ये पळतो, आणि महिन्यानं लिनक्सचा पासवर्डही आठवत नाही.

इन्स्टॉलर सुरू केलात की भाषा, कीबोर्ड हे सरळ आहे. कीबोर्ड इंग्लिश यूएसच राहू द्या, मराठी नंतर जोडता येतो. गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीवर टिक करा. मग एकच पडदा असा येतो जिथं हात थांबला पाहिजे: इन्स्टॉलेशन टाइप. 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट' म्हणजे ती अख्खी डिस्क पुसली जाणार, डी ड्राइव्हसकट. 'डी वर आहे, तिथं कशाला हात लागतोय' अशा भ्रमात राहू नका. सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. मशिनमध्ये दोन डिस्क असतील तर कुठली निवडली आहे ते जीबीच्या आकड्यावरून ओळखा. बाहेरची बॅकअपची डिस्क या वेळी जोडलेली नसावी. आणि चार्जर लावलेला असू द्या, जुन्या लॅपटॉपची बॅटरी आणि पावसाळ्यातली आपली लाईट दोन्ही बेभरवशाची.

सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी मशिनमधली सोय, चालू असेल तर कोडेकच्या टिकबरोबर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. रीस्टार्ट झाल्यावर अचानक निळा पडदा येतो, 'परफॉर्म एमओके मॅनेजमेंट'. लोक घाबरून एंटर मारतात आणि पुढं जातात. तिथं 'एनरोल एमओके' निवडायचं, 'कंटिन्यू', मग 'येस', आणि तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा काही सेकंदच थांबतो. तो हुकला तर काही वाय-फाय कार्डांचे किंवा ग्राफिक्सचे ड्रायव्हर चालत नाहीत, आणि माणूस आठवडाभर भलतीकडंच कारण शोधत बसतो.

डेस्कटॉप आला की आधी अपडेट मॅनेजर चालवा, मग ड्रायव्हर मॅनेजर. त्यानंतर टाइमशिफ्ट उघडून सिस्टिमचा एक स्नॅपशॉट घ्या, म्हणजे एखाद्या अपडेटनं घोळ घातला तर मागं जाता येतं. मात्र तो सिस्टिमचा असतो, तुमच्या फोटोंचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. विंडोजवर सेटअप फाइल शोधत साइटी हिंडायची जी सवय लागली आहे ती सोडा. आणि काळ्या पडद्याची कमांड कुणी पाठवली, तिच्या सुरुवातीला 'सुडो', म्हणजे सिस्टिमचे सगळे अधिकार देणारा शब्द, असेल, आणि ती काय करते ते कळत नसेल, तर ती चालवू नका. पाठवणारा कितीही जवळचा असो.

(प्रश्न: जमलं नाही तर परत विंडोज टाकता येईल का?)

येईल की. विंडोज ८ किंवा त्यानंतरचं विंडोज कंपनीतूनच भरून आलेला लॅपटॉप असेल तर त्याची की सहसा मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. तीच आवृत्ती परत टाकली आणि नेट जोडलं की बहुधा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. पण विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह मशिनवर विंडोज असतानाच करून ठेवा. मायक्रोसॉफ्टचं ते बनवायचं टूल लिनक्सवर चालत नाही आणि मग तुम्ही पेन ड्राइव्ह घेऊन शेजाऱ्याचं दार वाजवणार. म्हणून बाजारात जाल तेव्हा एक नको, दोन पेन ड्राइव्ह घ्या, आणि कुठल्यावर काय आहे ते चिकटपट्टीवर लिहून लावा.