कपाळाचं हाड, मापानं बेतलेलं

पडद्यावर फिरतेय ती कवटी सीटी स्कॅनमधून उभी राहिली आहे. मिलिमीटरभर जाडीचे, कधी त्याहूनही पातळ काप संगणकानं एकावर एक रचले, की हाड असं समोर येतं. भुवयांच्या वर बघा. कुणाचं कपाळ इथून सरळ चढतं, कुणाचं मागे कलतं. पुरुषांमध्ये भुवईच्या हाडाचा कंगोरा सहसा जास्त ठळक असतो. वयात येताना तो पुढे येतो. तो आणखी उठावदार करायचा, किंवा चपटं कपाळ गोलसर करायचं, यासाठी काही जण आपल्याच हाडाच्या मापाचं इम्प्लांट, म्हणजे त्वचेखाली हाडावर बसवायचा कृत्रिम तुकडा, घडवून घेतात.

हे तंत्र सुंदर दिसण्यासाठी जन्मलं नाही. अपघातात फुटलेली किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेत काढावी लागलेली कवटी भरून काढता यावी, म्हणून ते वाढलं. आणि आधी माप, मग शस्त्र ही शिस्त तर पुण्याच्या परिसरानं फार पूर्वी पाहिली आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेला कावसजी हा ब्रिटिश फौजेतला बैलगाडीवाला. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्यासाठी आधी मेणाचं नाक बेतलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ आखली आणि तेवढीच कातडी खाली वळवून नवं नाक केलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत छापली. त्या कारागिराचं नाव इतिहासात सर्वांना ठाऊक असायला हवं होतं.

आज मेणाच्या जागी संगणक आहे. कडा किती पातळ ठेवायची, मध्यावर किती उंची द्यायची, सगळं आधी पडद्यावर ठरतं. पण हाडावर वाढवलेली उंची जाड त्वचेखाली थोडी दबते, आणि पातळ त्वचेखाली इम्प्लांटची कड दिसू शकते. शिवाय या हाडाच्या आत हवेची पोकळी असते, फ्रंटल सायनस. चुकीच्या जागी स्क्रू गेला तर तिथून संसर्गाला वाट मिळते. डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या काठावरून, मध्यरेषेपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर, कपाळाला आणि डोक्याच्या त्वचेला संवेदना देणारी नस बाहेर पडते. ती दुखावली, तर डोक्याचा पुढचा भाग महिनोन्‌महिने, कधी कायमचाही, बधिर राहतो.

इम्प्लांट कशाचं आहे, यावरही छेद ठरतो. पीक (PEEK) नावाचं प्लास्टिक ताठ असतं. ते आत घालायला बहुधा केसांतून या कानापासून त्या कानापर्यंत छेद घ्यावा लागतो. सिलिकॉन गुंडाळून लहान छेदातूनही सरकवता येतं.

‘आधी फिलर, म्हणजे सुईनं त्वचेखाली भरायचा पदार्थ, घालून बघू’ असं म्हणणाऱ्यांनी मात्र इथे थांबून ऐकावं, ही कळकळीची विनंती. भुवयांमधल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. सुई चुकून त्यात गेली, तर फिलर उलट दिशेनं डोळ्यापर्यंत पोहोचून दृष्टी जाऊ शकते. ही रंगीत तालीम वाटते तितकी निर्धोक नाही.

आणि सर्जनना विचारायचा पहिला प्रश्न: हे काढायची वेळ आली, तर कसं काढाल? संसर्ग झाला, तर बहुतेक वेळा काढावंच लागतं. सिलिकॉनभोवती शरीर पातळ आवरण तयार करतं, त्यातून ते सुटून येतं. सच्छिद्र पॉलिइथिलीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या इम्प्लांटच्या छिद्रांत मात्र ऊती शिरतात, आणि ते सोडवताना आजूबाजूचा निरोगी भागही दुखावतो.