'निसर्ग'चा वारा, 'तौक्ते'चा पाऊस

[दृश्य: श्रीवर्धन. मोडलेल्या पोफळी, पत्रे उडालेली घरं.]

३ जून २०२०. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, मधूनच येणारे झोत १३०पर्यंत. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ उंच, सडपातळ, सगळा झाप शेंड्याला. असा वारा तिला मधोमध मोडून टाकतो. नवं रोप लावलं तरी सुपारी हाती यायला पाच-सहा वर्षं जातात.

एवढा जोर वाऱ्यात आला कुठून? पाण्यातून.

त्या दिवसांत अरबी समुद्राचं वरचं पाणी ३० अंशांच्या वर तापलेलं होतं. चक्रीवादळ पोसायला साधारण साडेसव्वीस अंश पुरतात. वाफ समुद्राची उष्णता घेऊन वर जाते. उंचावर गारव्यात तिचे थेंब झाले, की ती उष्णता तिथल्या हवेला मिळते. किती? एक चौरस मीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. एवढ्या वाफेचं पाणी होताना जवळपास ७० युनिट विजेइतकी उष्णता सुटते. लहान घराला हे महिनाभर पुरेल. आणि हे झालं एका चौरस मीटरचं; वादळाचा पाऊस हजारो चौरस किलोमीटरवर पडत असतो.

[दृश्य: उपग्रहातून दिसणारं वादळ, मधोमध डोळा.]

यातली बहुतेक उष्णता हवा वर चढवण्यातच खर्च होते. वाऱ्याच्या वाट्याला येतो तो अगदी किरकोळ हिस्सा, आणि तेवढ्यात वाड्या झोपतात!

हवा वर गेली की खाली दाब उतरतो आणि चहूकडून हवा तिकडे धावते. पण पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे आपल्या गोलार्धात ही हवा उजवीकडे ओढली जाते आणि केंद्राभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरू लागते. दोरीला बांधलेला दगड फिरवताना दोरी बोटावर गुंडाळत आली, की दगड भिरभिरतो. इथंही तसंच. हवा जितकी आत, तितकी वेगवान. डोळ्यात, म्हणजे या केंद्रात, वारा पडलेला असतो, पण डोळ्याला लागून उभ्या ढगांच्या कड्यात तो सर्वांत घातक असतो. डोळा सरकला की वारा पुन्हा उसळतो, उलट्या दिशेनं. वादळ संपलं म्हणून बाहेर पडलेली माणसं तेव्हाच सापडतात.

वाऱ्याचा वेग तिप्पट झाला, तर त्याचा रेटा नऊपट होतो. छपरावरून सुसाटणारा वारा तर पत्र्याला वर खेचतो.

'निसर्ग' ईशान्येकडे सरकत होतं. त्यामुळे वाटेच्या उजव्या अंगाला, म्हणजे श्रीवर्धनच्या बाजूला, फिरणाऱ्या वाऱ्यात वादळाच्या चालीचा वेगही मिळाला. मुंबई पडली डाव्या अंगाला, म्हणून थोडक्यात निभावली.

[दृश्य: मुंबई, पाण्यात अडकलेल्या गाड्या.]

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ला, 'तौक्ते' मुंबईच्या किनाऱ्याला शिवलंसुद्धा नाही. शे-दीडशे किलोमीटर आत समुद्रातूनच ते गुजरातकडे गेलं आणि रात्री उन्याजवळ धडकलं. तरी कुलाब्याला वाऱ्याच्या झोतांनी ताशी शंभरी ओलांडली आणि सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला. मे महिन्यात!

कारण सर्वांत घातक वारा डोळ्याजवळच्या पट्ट्यात असतो, पण पावसाचे ढग शेकडो किलोमीटर पसरलेले असतात. वादळ भोवतालची ओल ओढत राहतं. वाटेत सह्याद्री आडवा आला तर हवा आणखी वर ढकलली जाते आणि घाटमाथ्यावर पाऊस वाढतो. वादळ रेंगाळलं तर एकाच गावावर तासन्‌तास कोसळत राहतं.

हवामान विभाग वादळाला देतो तो दर्जा मात्र वाऱ्यावरूनच ठरतो. ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९पासून तीव्र, ११८पासून अतितीव्र. या मोजणीत पाऊस धरलेलाच नाही. जमिनीवर आलं की समुद्राची वाफ तुटते, झाडं-डोंगर अडवतात, वारा लवकर ढिला पडतो आणि दर्जा उतरतो. गोळा केलेली ओल मात्र इतक्यात संपत नाही. 'निसर्ग'चंही तेच झालं: किनारा सोडल्यावर ते उतरत गेलं, तरी नाशिकपर्यंत पाऊस पाडत गेलं.