मॅगझीन बदलण्याआधी

नमस्कार मंडळी. बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे दर वेळी हाताने बोल्ट मागे-पुढे करून भरायची रायफल, घेतलेला माणूस आधी दुर्बीण बसवतो, मग पट्टा बदलतो, दस्त्यावर गालाचा टेकू लावतो आणि शेवटी त्याची नजर मॅगझीनवर, म्हणजे काडतुसांच्या पेटीवर जाते. सोबत आलेलं मॅगझीन प्लास्टिकचं असतं, हलकं असतं, हातात घेतल्यावर खेळण्यातलं वाटतं. त्याच रायफलीसाठी दुसरी एखादी कंपनी पोलादी मॅगझीन बनवत असते. ते घ्यावं का, हे मला फार लोक विचारतात, म्हणून आज त्यावरच बोलतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मॅगझीन मी अ‍ॅक्शनचा, म्हणजे काडतूस भरणाऱ्या आणि झाडणाऱ्या यंत्रणेचाच भाग मानतो. बोल्ट, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) आणि मॅगझीन यांचं एकमेकांशी जुळलं तरच काडतूस सरळ आत जातं. या जुळण्यात धातू की प्लास्टिक हा प्रश्न बराच नंतर येतो. मॅगझीनचे ओठ (काडतूस अडवणाऱ्या वरच्या दोन कडा) किती उंचीवर बसतात, त्यांचा आकार काय आहे आणि पेटीची आतली लांबी किती आहे, हे आधी पाहायचं. ही मापं चुकलेलं पोलादी मॅगझीन बरोबर मापाच्या प्लास्टिकपेक्षा वाईटच.

बोल्ट मागे ओढल्यावर आत काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. खाली स्प्रिंग, तिच्यावर फॉलोअर नावाची पट्टी, त्यावर काडतुसांची चवड. सगळ्यात वरचं काडतूस मॅगझीनच्या दोन ओठांखाली अडलेलं असतं. बोल्ट पुढे ढकलला की त्याच्या तोंडाची खालची कड काडतुसाच्या बुडाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरभर पकडते. काडतूस ओठांखालून सरकत पुढे जातं, गोळीचं टोक चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर, म्हणजे फीड रॅम्पवर चढतं, आणि ओठ त्याला योग्य जागी सोडून देतात. ओठांनी लवकर सोडलं तर काडतूस वर उसळतं, उशिरा सोडलं तर टोक खाली राहून रॅम्पला धडकतं. मॅगझीन जरा खाली बसलं असेल तर बोल्ट काडतुसाच्या वरून निघून जातो आणि तुम्ही रिकाम्या चेंबरवर बोल्ट बंद करता. जरा वर बसलं असेल तर बोल्टच मॅगझीनवर घासायला लागतो. माउझर या जर्मन कंपनीच्या पद्धतीच्या अ‍ॅक्शनमध्ये तर काडतुसाची कड ओठांतून सुटता सुटता एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस बाहेर खेचणाऱ्या भागाच्या नखाखाली शिरावी लागते. तिथे चुकीला आणखी कमी जागा.

सुटं मॅगझीन ही कल्पना जुनी आहे. जेम्स पॅरिस ली या बंदूक-संशोधकाने सरळ उभ्या पेटीच्या मॅगझीनचं पेटंट १८७९ साली घेतलं. ब्रिटिश सैन्याच्या १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीत आणि पुढे ली-एनफिल्डमध्ये तीच पेटी आली. गंमत अशी, की ही पेटी रायफलीतून निघत असली तरी सैनिकाने खिशात चार-पाच पेट्या बाळगून बदलत राहावं अशी योजना नव्हती. सुरुवातीच्या रायफलींवर तर मॅगझीन हरवू नये म्हणून छोट्या साखळीने रायफलीलाच जोडलेलं असे. पुढच्या काळात पाच-पाच काडतुसांच्या क्लिपने वरून भरायची पद्धत आली. आजही जुन्या ली-एनफिल्डमध्ये दुसरीचं मॅगझीन घातलं तर ते चालेलच असं नाही, ओठ जुळवून घ्यावे लागतात. त्या पेट्या अस्सल पोलादी आहेत, हे लक्षात घ्या.

माउझरने दुसरा रस्ता धरला. १८९३ च्या मॉडेलपासून पेटी दस्त्याच्या आत, खाली काहीही लोंबणारं नाही, आणि काडतुसं दोन ओळींत एकाआड एक. अशा पेटीच्या रुंदीचं गणित मला फार आवडतं. तीन काडतुसांची वर्तुळं एकमेकांना टेकवली की मध्यांचा समभुज त्रिकोण होतो. म्हणून पेटीची आतली रुंदी काडतुसाच्या व्यासाच्या १.८६६ पट येते. .३०८ विंचेस्टर या काडतुसाचा बुडाजवळचा व्यास साधारण १२ मिमी, म्हणजे रुंदी २२ मिमीच्या किंचित वर. रुंदी वाढली तर ओळ विस्कटते, कमी झाली तर चवड उंच होते आणि तेवढ्याच उंचीत काडतुसं कमी मावतात. काडतूस पुढे निमुळतं होत जातं, म्हणून पेटीही निमुळती हवी. माउझरच्या रचनेत काडतूस धरून ठेवणारे ओठ रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या) पोलादातच कोरलेले असतात, त्यामुळे ते वाकण्याचा प्रश्न नाही. सुट्या मॅगझीनमध्ये तेच नाजूक काम आपण पत्र्याच्या दोन पातळ कडांवर सोपवलेलं असतं. आजचा सगळा विषय त्या दोन कडांचा आहे.

आज लांब पल्ल्याच्या नेमबाजीत ज्या मॅगझीनचा आकार जवळजवळ सगळ्यांनी उचलला, तो अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनल या ब्रिटिश कंपनीच्या चॅसीसोबत, म्हणजे रायफल बसवायच्या चौकटीसोबत आला. कंपनीच्या संस्थापकांपैकी माल्कम कूपर हे स्वतः नेमबाज. ५० मीटर थ्री पोझिशन या रायफल स्पर्धेत त्यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. १९६२ साली बाजारात आलेल्या रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीला मुळात दस्त्याच्या आतली पेटी होती. ती रायफल या चॅसीत बसवली की सुटं मॅगझीन लावता येऊ लागलं. मग इतर कंपन्यांनीही त्याच आकाराची मॅगझीन काढली, काहींनी पोलादात, काहींनी प्लास्टिकमध्ये. त्या चॅसीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आज तुम्ही ‘एआयसीएस’ म्हणता ते हेच. पण बाहेरचा आकार एक आहे म्हणून आतली मापं एक आहेत असं समजू नका.

आता धातूचा खरा फायदा. लोक मजबुतीचं बोलतात, मी जागेचं बोलेन. मॅगझीनचं बाहेरचं माप रायफलीतल्या खाचेने ठरवून टाकलेलं असतं, ते वाढवता येत नाही. प्लास्टिकला ताकद यायला भिंत जाड लागते, पोलादी पत्र्याचं सुमारे मिलिमीटरभर जाडीत भागतं. जी जाडी वाचली ती आत मिळाली. .३०८ चं कारखान्यातलं काडतूस साधारण ७१ मिमी लांब असतं आणि ते कुठल्याही चांगल्या मॅगझीनमध्ये मावतं. अडचण येते ती लांब, निमुळत्या गोळ्या वापरणाऱ्यांना. ६.५ क्रीडमूरसारख्या काडतुसात अशा गोळ्या असतात, आणि स्वतः काडतुसं तयार करणारे नेमबाज गोळी थोडी बाहेर ठेवून बसवू पाहतात. तिथे दीड-दोन मिलिमीटर फार मोलाचे. काही पोलादी मॅगझीनमध्ये पुढच्या भिंतीला आतून एक पट्टी असते. ती नसलेला प्रकार घेतला तर आणखी थोडी लांबी मिळते. तुम्ही कारखान्याचीच काडतुसं वापरत असाल तर मात्र या जागेचा तुम्हाला काही उपयोग नाही. आणि मॅगझीनमध्ये मावतंय म्हणून गोळी बाहेर ओढायची, हे तर कधीच करू नका. काडतुसाची लांबी तपासलेल्या लोडच्या (दारू आणि गोळीच्या मेळाच्या) माहितीप्रमाणेच ठेवायची.

मजबुतीचं म्हणाल तर दोन्ही पदार्थ मोडतात, फक्त मोडण्याची रीत वेगळी. चांगलं प्लास्टिक म्हणजे काचतंतू मिसळलेलं नायलॉन. ते पडलं तर लवतं आणि परत जागेवर येतं, किंवा तडकतं. तडकलं की दिसतं. पण सतत ताणाखाली ते फार हळूहळू पसरतं. भरलेलं मॅगझीन महिनोन्‌महिने ठेवलं तर ओठांवर स्प्रिंगचा जोर कायम असतो. म्हणूनच काही प्लास्टिक मॅगझीनसोबत येणारं झाकण वरचं काडतूस खाली दाबून ओठांवरचा भार काढून घेतं. ते झाकण फेकून देणारे लोक पाहिले की मला वाईट वाटतं. पोलाद असं पसरत नाही. पण दगडावर पडलं आणि ओठ अर्धा मिलिमीटर वाकला तर तो वाकलेलाच राहतो, आणि नुसत्या डोळ्याला ते कळत नाही. पुढच्या स्पर्धेत तिसरं काडतूस अडकतं आणि माणूस रायफलीला दोष देतो. म्हणून पोलादी मॅगझीन नवं असतानाच ओठांमधलं अंतर पुढे आणि मागे कॅलिपर या मोजण्याच्या साधनाने मोजून लिहून ठेवा. पडलं की पुन्हा मोजा. सगळ्या मॅगझीनवर क्रमांक टाका, म्हणजे दोष कुठल्या पेटीचा आहे ते शोधता येतं.

नवं मॅगझीन हातात आलं की ओठांच्या आतल्या कडेवरून नखं फिरवा. कड धारदार असेल तर ती काडतुसाच्या पितळी नळकांड्यावर ओरखडे काढणार आणि पेटीच्या तळाशी पितळेचा कीस साठणार. पाठीमागचा वेल्डिंगचा जोड आतून सपाट आहे का बघा. फॉलोअर बोटाने एका टोकाला दाबा. तो तिरका होऊन अडकत असेल तर शेवटची दोन काडतुसं त्रास देणार. पत्र्याला काडतुसाच्या खांद्याजवळ, म्हणजे नळकांडं अरुंद होतं तिथे, आत दाबलेली घडी असेल तर ती चांगली खूण. गोळी सुटल्याच्या झटक्यासरशी पेटीतली काडतुसं पुढे आदळतात, ती घडी त्यांना खांद्यावर थोपवते आणि मऊ टोकाच्या गोळ्या चेपत नाहीत. वजनाची काळजी फारशी करू नका, .३०८ ची दहा काडतुसंच पाव किलोच्या आसपास भरतात. शिकारीसाठी जाणाऱ्यांनी आवाजाकडे लक्ष द्यावं, कारण पोलादी पेटीत काडतुसं वाजतात. आणि पोलाद गंजतं. लेप घासला गेला की ओठांपासूनच सुरुवात होते. तेलाचा पातळ हात पुरे. तेल जास्त झालं की धूळ धरतं.

आणखी एक गोष्ट खरेदी करताना विसरली जाते. काही मॅगझीनमध्ये काडतुसं आत दोन ओळींत असतात पण वर येता येता एका ओळीत येऊन मधोमध बाहेर पडतात. काहींमध्ये ती आळीपाळीने डाव्या-उजव्या ओठाखालून निघतात. पहिला प्रकार सरळ भरवतो, पण रायफलीत असताना वरून बोटाने काडतूस दाबून भरणं त्यात सहसा जमत नाही. ज्याला मॅगझीन न काढता वरून भरायची सवय आहे त्याने हा बदल समजून करावा.

चाचणी नकली काडतुसांनीच करायची, जिवंत काडतूस या कामाला आणायचं नाही. रायफल रिकामी आहे हे तपासा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. मॅगझीन बसवून खालून वर दाबा, मग खाली ओढा. किती हलतं? दोन्ही टोकांच्या स्थितीत भरवून बघा. बोल्ट हळू चालवा, मग जोरात चालवा, कारण दोष बहुतेक वेळा हळू चालवल्यावर आणि अर्ध्यावर थबकल्यावर दिसतो. पूर्ण भरलेलं मॅगझीन बंद बोल्टखाली बसतं का तेही पाहा. काही मॅगझीन एक काडतूस कमी भरल्याशिवाय त्यांना धरणाऱ्या खटक्यात अडकत नाहीत. मॅगझीन वर अति सरकू नये म्हणून अडवणारा थांबा आहे का, हेही पाहा. मॅगझीन ज्यात बसतं ती खालची चौकट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर मॅगझीनच्या बाहेर आलेल्या पोलादी कानामुळे खटक्याची जागा कालांतराने झिजते, तेव्हा तिकडेही नजर असू द्या. हे सगळं जमलं की मग रेंजवर. किती काडतुसांचं मॅगझीन बाळगता येतं, याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. पैसे देण्याआधी ते वाचा.

पॉइंट टू-टू (.२२) रायफलवाल्यांसाठी थोडक्यात. तुमच्या काडतुसाला कड आहे आणि गोळी सहसा शिशाची, मेणाचा लेप असलेली. ते मेण आणि शिसं मॅगझीनमध्ये साठतं, पोलादी असो की प्लास्टिक. तुमच्या बाबतीत नवं मॅगझीन घेण्याआधी जुनं उघडून पुसा. अर्ध्याअधिक तक्रारी तिथेच मिटतात.

आत्ता समोरून प्रश्न आला, की भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते का. चांगल्या पोलादाची, नीट आखलेली स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर फारशी थकत नाही. सुरुवातीला थोडी बसते आणि मग तशीच राहते. तिला झिजवतं ते सतत दाबणं-सोडणं, किंवा मर्यादेपलीकडे दाबणं. म्हणून क्षमतेपेक्षा एक जास्त काडतूस कोंबू नका. स्प्रिंग बदलायची वेळ आली तर जुनी काढण्याआधी तिचं वरचं वेटोळं कुठल्या दिशेला आहे याचा फोटो काढा आणि नवी त्याच दिशेने बसवा. उलटी बसली तर फॉलोअरचं पुढचं टोक खाली झुकतं, आणि मग मॅगझीन कितीही भारी असलं तरी काडतुसं नाकाने रॅम्पवर आपटत राहतात.