पडद्यावर बंद पडलेली मालिका कानांनी जगवली: 'डॉक्टर हू'ची श्राव्यनाट्यं

नमस्कार मंडळी! आधी एक आवाज ऐका.

(टार्डिसचा आवाज, दहा सेकंद. पडदा काळा.)

घरघर, मग धाप लागल्यासारखा सुस्कारा, मग पुन्हा घरघर. हे 'डॉक्टर हू'मधलं कालयंत्र आहे, टार्डिस. 1963 साली बीबीसीच्या रेडिओफॉनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगांच्या विभागात ब्रायन हॉजसन यांनी एका मोडक्या पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली खरवडली, ते रेकॉर्डिंग फितीवर हवं तसं फिरवलं, आणि त्यातून हा आवाज निघाला. शीर्षकाची धून रॉन ग्रेनर यांची. पण ती आपण ऐकतो तशी घडवली डीलिया डर्बिशर यांनी, एकेका सुराची फीत कापून आणि जोडून. सिंथेसायझर हाताशी नव्हता.

'डॉक्टर हू' ही ब्रिटिश मालिका 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झाली. नायक 'डॉक्टर' हा कालयंत्रातून फिरणारा परग्रहवासी. मरायला टेकला की त्याचं रूपच बदलतं, म्हणून ही भूमिका एकामागून एक वेगवेगळ्या नटांनी केली. पैसे बेताचे, चित्र कृष्णधवल, सेट डुगडुगणारे. पण आवाजात कुठेही काटकसर दिसत नाही. म्हणून माझं पहिल्यापासून एक ठाम मत आहे: या मालिकेची श्राव्यनाट्यं म्हणजे टीव्ही मिळाला नाही म्हणून केलेली तडजोड नव्हे. आवाज हेच तिचं मूळ घर आहे.

याचा पुरावा जरा क्लेशदायक आहे. साठ आणि सत्तरच्या दशकांत बीबीसीने या मालिकेच्या कितीतरी फिती पुसून टाकल्या. फिती महाग होत्या, पुन्हा वापरायच्या होत्या, आणि जुने भाग परत कोणी बघेल असं तेव्हा कोणाला वाटत नव्हतं. आजही नव्वदीहून जास्त भागांचं चित्र सापडलेलं नाही. पण त्यातल्या एकूण एक भागाचा आवाज आपल्याकडे आहे! कारण घरोघरी काही पोरं टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून टेपरेकॉर्डर चालू करून बसायची. पॅट्रिक ट्राउटन यांची डॉक्टर म्हणून पहिली कथा, 1966 ची 'द पॉवर ऑफ द डालेक्स' (डालेक म्हणजे धातूच्या कवचातले क्रूर परग्रहवासी), सहाच्या सहा भाग गेले. तरी ती आज ऐकता येते, ती या पोरांमुळे.

आता 1989 कडे येऊ. मालिका बंद पडली. 1996 मध्ये एक टीव्ही-चित्रपट आला, पॉल मॅगॅन आठवे डॉक्टर झाले, आणि पुढे काहीच घडलं नाही. एका रात्रीपुरता डॉक्टर. मग जुलै 1999 मध्ये बिग फिनिश नावाच्या छोट्या ब्रिटिश कंपनीने बीबीसीच्या परवान्याने 'द सायरन्स ऑफ टाइम' हे श्राव्यनाट्य सीडी आणि कॅसेटवर आणलं. त्यात पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्वेस्टर मकॉय, तिघंही टीव्हीवरचे खरेखुरे डॉक्टर. नकलाकार नव्हेत!

2001 च्या जानेवारीत मॅगॅन आले. 'स्टॉर्म वॉर्निंग' ही त्यांची कथा घडते 1930 साली, आर-101 या वायूवर तरंगणाऱ्या हवाई जहाजावर (एअरशिप). हे जहाज खरंच होतं आणि त्या वर्षी फ्रान्समध्ये कोसळलं. इथे त्यांना चार्ली पोलार्ड भेटते, इंडिया फिशर यांच्या आवाजात. टीव्हीवर ज्यांना एकच संध्याकाळ मिळाली, त्यांना आवाजात वर्षानुवर्षांचं आयुष्य मिळालं.

कॉलिन बेकर यांचं प्रकरण मला याहून जवळचं वाटतं. 1986 मध्ये त्यांना भूमिकेतून काढण्यात आलं. पटकथा विस्कळीत, अंगात तो रंगीबेरंगी ठिगळांचा कोट. ध्वनीत कोट दिसत नाही, उरतो तो आवाज. आणि काय आवाज आहे! शिवाय जोडीला आल्या मॅगी स्टेबल्स यांच्या एव्हलिन स्माइथ: पन्नाशी ओलांडलेल्या, इतिहास शिकवणाऱ्या, चॉकलेट केकच्या शौकीन. टीव्हीवर डॉक्टरची सोबत बहुतेक वेळा तरुण मुलीच करायच्या. या बाई मात्र डॉक्टरला तोंडावर सांगतात की तुमचं चुकतंय, आणि तो ऐकून घेतो. त्यामुळे त्याच्यात जो मऊपणा येतो, तो टीव्हीवरच्या त्या वर्षांत शोधून सापडत नाही.

(कॅमेरा जवळ.)

आता माझं सगळ्यात लाडकं नाटक. 'स्केर्त्सो', 2003, लेखक रॉबर्ट शिअरमन. नट दोनच, मॅगॅन आणि फिशर. दोघं अशा जागी अडकतात जिथे नुसता पांढरा उजेड आहे, बाकी काही नाही. एकेक करून त्यांची इंद्रियं बधिर होत जातात. एकमेकांना गमावू नये म्हणून ते हात धरून चालतात, आणि बराच वेळ गेल्यावर लक्षात येतं की हात सुटत नाहीयेत. कातडी एक झालीये. आणि तिथे जो जीव आहे, तो आवाजाचाच बनलेला. हे पडद्यावर कसं दाखवणार? पांढरी चौकट आणि दोन माणसं, संपलं. हेडफोन लावून अंधारात ऐकलंत तर तुम्हीही त्यांच्याइतकेच आंधळे असता. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

सगळंच इतकं सरस नाही, हेही सांगतो. कच्चा लेखक असला की पात्रं एकमेकांना डोळ्यांसमोरच्या गोष्टी सांगत बसतात, 'अरे, तो बघ, बंदूक रोखून आपल्याकडेच येतोय!' असं. असली नाटकं अर्ध्यात बंद केली तरी चालेल.

काही नाटकं मात्र पुढे, 2005 मध्ये मालिका टीव्हीवर परत सुरू झाल्यावर, टीव्हीकडेच वळली. मार्क प्लॅट यांचं 'स्पेअर पार्ट्स', 2002. सायबरमन, म्हणजे यंत्र बनलेली माणसं, कशी जन्मली त्याची गोष्ट. इव्हॉन नावाची साधी मुलगी अर्धवट यंत्र बनून आपल्या घरी परत येते, आणि बाप तिला ओळखतो. 2006 मध्ये टीव्हीवर सायबरमन नव्याने आले तेव्हा श्रेयनामावलीत प्लॅट यांचे आभार होते. शिअरमन यांच्या 'जुबिली'त टॉवर ऑफ लंडनमध्ये एकच डालेक कैदेत असतो. तीच कल्पना त्यांनी स्वतः नव्याने लिहिली आणि 2005 मध्ये 'डालेक' हा भाग झाला. डालेकचा आवाजही एकाच माणसाचा, निकोलस ब्रिग्ज यांचा, बिग फिनिशमध्येही आणि टीव्हीवरही. ते बोलतात तो आवाज रिंग मॉड्युलेटर या आवाज बदलणाऱ्या उपकरणातून जातो, त्याने ती करकर येते.

उलट दिशेचा प्रवासही आहे. 1985 मध्ये मालिका दीड वर्षासाठी थांबवली गेली आणि ठरलेल्या कथा बाजूला पडल्या. त्यातली 'द नाइटमेअर फेअर' 2009 मध्ये श्राव्यनाट्य म्हणून आली, कॉलिन बेकर यांच्याच आवाजात.

आणि मॅगॅन? 2013 मध्ये मालिकेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा 'द नाइट ऑफ द डॉक्टर' या छोट्या भागात ते कॅमेऱ्यासमोर परतले. त्यात मरणापूर्वी आठवा डॉक्टर आपल्या सोबत्यांची नावं घेतो: चार्ली, क्रिझ, लूसी, टॅम्सिन, मॉली. ही सगळी फक्त आवाजात जगलेली माणसं. बीबीसीच्या पडद्यावर, अधिकृतपणे, ती डॉक्टरच्या आयुष्यात जमा झाली. मला अजूनही ते ऐकताना भरून येतं.

नवीन असाल तर 'जुबिली' आधी ऐका, मग 'डालेक' बघा, आणि एकाच लेखकाने तीच कल्पना दोन माध्यमांत कशी बदलली ते ताडून पाहा. 'स्केर्त्सो' त्यानंतर. त्याआधी 'स्टॉर्म वॉर्निंग' ऐकलेलं हवं, नाहीतर चार्ली कोण हेच कळणार नाही.