काय हा अवतार! : ‘पॉयझन’च्या पहिल्या अल्बमविषयी

मित्रहो, ग्लॅम मेटलचा, म्हणजे नटूनथटून वाजवल्या जाणाऱ्या हार्ड रॉकचा, विषय निघाला की फुगवलेले केस आणि लिपस्टिक यांच्यापलीकडे बोलणे सहसा जात नाही, आणि या सवयीचा सर्वाधिक फटका ‘पॉयझन’ या बँडला बसला आहे. १९८६ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचे नाव ‘लुक व्हॉट द कॅट ड्रॅग्ड इन’ असे आहे. विस्कटलेला माणूस दारात उभा राहिला की आपण ‘काय हा अवतार!’ म्हणतो, त्याच सुरातले हे इंग्रजी बोलणे. म्हणजे लोक जे म्हणणार होते, ते या मंडळींनी आधीच मुखपृष्ठावर छापून टाकले होते.

पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्गसारख्या छोट्या गावातून गायक ब्रेट मायकल्स, बॉबी डॉल आणि रिकी रॉकेट १९८४ साली लॉस एंजेलिसला आले. सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांत गर्दी जमावी म्हणून ते स्वतःच रस्तोरस्ती पत्रके वाटत. मूळ गिटारवादक माघारी गेल्यावर नव्याचा शोध सुरू झाला. चाचणीला आलेल्यांत पुढे ‘गन्स अँड रोझेस’मुळे गाजलेला स्लॅशही होता, निवड मात्र ब्रुकलिनच्या सी. सी. डेव्हिलची झाली. डेव्हिलची बोटे स्लॅशइतकी तयार नव्हती, असे माझे मत आहे. परंतु एकदा ऐकून दिवसभर गुणगुणावी अशी धून त्याच्याकडे होती, आणि या बँडला नेमकी तीच हवी होती.

एनिग्मा या छोट्या कंपनीसाठी जेमतेम बारा दिवसांत, सुमारे २३,००० डॉलरांत ध्वनिमुद्रण उरकले गेले. ही घाई ऐकू येते. आवाज पातळ आहे, कडा घासलेल्या नाहीत. परंतु क्लबमध्ये चौघे समोर उभे राहून वाजवत असल्याचा भास त्यामुळेच होतो, जो त्यांच्या पुढच्या, अधिक खर्चिक अल्बमांत मला सापडत नाही.

यश रंगरंगोटीमुळे मिळाले, हा आक्षेप तारखांपुढे टिकत नाही. मुखपृष्ठावरचे ते चार रंगवलेले चेहरे १९८६ पासून दुकानांत होतेच, आणि ‘क्राय टफ’ हे पहिले सिंगल, म्हणजे अल्बममधून सुटे काढलेले गाणे, येऊनही अमेरिकेत फारशी हालचाल झाली नव्हती. १९८७ मध्ये ‘टॉक डर्टी टू मी’ आले, एमटीव्हीने त्याचा व्हिडिओ उचलून धरला, गाणे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, आणि त्याच्या पाठोपाठ अल्बम तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला. मुखपृष्ठ तेच होते. नवे होते ते गाणे. अर्थात, व्हिडिओत चेहरेही दिसतातच, हे मी नाकारत नाही.

आता तेच गाणे लावतो. गिटारचा एकल तुकडा सुरू होण्याआधी मायकल्स डेव्हिलला नावाने हाक मारतो, तिकडे लक्ष असू द्या.